कल्पाचा ताळा

आमच्या देवळात अभिषेक असो, लघुरुद्र असो किंवा घरातले साधे सत्यनारायणाचे पूजन असो, यजमान पळीभर पाणी हातावर घेऊन बसला की भटजी प्रथम त्याला काळात उभे करतात. ब्रह्मदेवाचे दुसरे परार्ध, श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे युग, कलीचा पहिला चरण. मग देश, मग शक, संवत्सर, मास, तिथी. आणि सर्वांच्या शेवटी त्या यजमानाचे गोत्र व नाव. आम्हा वकिलांना दस्तऐवजाचा मथळा वाचण्याची सवय असते. इतका लांब मथळा आणि त्याखाली इतका लहान पक्षकार मी दुसरीकडे कोठे पाहिलेला नाही. परंतु लहानपणापासून शेकडो वेळा हा मथळा ऐकूनही, ही सर्व संख्यांची नावे आहेत, हे माझ्या ध्यानात कधी आले नव्हते. घंटेचा नाद जसा कानावर पडतो तसे ते शब्द पडत, आणि जात.

ते ध्यानात आले ते एका अप्रिय प्रसंगाने, आणि त्या प्रसंगात दोष माझा होता.

माझ्या आईचे थोरले बंधू, म्हणजे माझे मामा, यांनी सारा जन्म मराठी शाळेत गणित शिकविण्यात घालविला. पावकी, निमकी, दिडकी मी त्यांच्याच ओसरीवर बसून पाठ केली. आज त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. तरी श्रावणातल्या सोमवारी आरतीपूर्वी सभामंडपात ते तासभर प्रवचन करतात, आणि महाजन मंडळी बायकामुलांसह ते ऐकावयास बसतात. गेल्या श्रावणात त्यांनी विषय घेतला होता कालगणनेचा. चार युगांची वर्षे त्यांनी सांगितली: कृत १७,२८,०००, त्रेता १२,९६,०००, द्वापर ८,६४,०००, कली ४,३२,०००, मिळून महायुग ४३,२०,००० वर्षांचे. अशी हजार महायुगे म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, एक कल्प. ४३२ कोटी वर्षे. येथपर्यंत ठीक होते. परंतु पुढे ते म्हणाले की, आधुनिक शास्त्रज्ञ पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे सांगतात. आमच्या ऋषींनी ४३२ कोटी सांगितले. शंभरात पाचांचाही फरक नाही. मग याहून अधिक पुरावा कोणता पाहिजे?

पुरावा हा शब्द ऐकला की माझ्या अंगातला काळा डगला जागा होतो. तो देवळात तरी बाहेर काढून ठेवावा, एवढे भान मला राहिले नाही. मी उठून म्हणालो, "मामा, क्षमा करा, पण ज्या दस्तऐवजावर आपण भिस्त ठेवता तोच आपल्या विरुद्ध जातो. संकल्पात आपण सातव्या मन्वंतरातले अठ्ठाविसावे युग म्हणतो. म्हणजे कल्प अजून अर्धाही झालेला नाही. परंपरेप्रमाणे मोजले तर कलीच्या आरंभापर्यंत १९७ कोटी वर्षे गेली, ४३२ नव्हेत." येथे थांबलो असतो तर बरे झाले असते; कारण हे बोलणे खरे होते. पण समोर तरुण मंडळी हसत होती, आणि हसणारे श्रोते मिळाले की वकिलाची जीभ एक वाक्य अधिक बोलते. मी पुढे म्हणालो, "आणि ४३२ वर सात शून्ये! असली संख्या कोणी मोजीत नाही. कोणाला तरी ती आवडली, आणि शून्ये काही विकत आणावी लागत नाहीत."

मंडपात हशा झाला. मामांनी प्रवचन आवरले, आरती घेतली, आणि अग्रशाळेत चहा ठेवलेला असूनही ते तो न घेता घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्षमा मागण्यासाठी दूरध्वनी केला. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि आपल्या घरच्या बोलीत एकच प्रश्न विचारला, "बाबा, तुवें तो आंकडो फोडून पळयला?"

मी तो आकडा फोडून पाहिलेला नव्हता. न वाचलेल्या कागदावर मी उलटतपासणी केली होती.

त्या रात्री पक्षकारांच्या कागदांच्या पाठीवर मी ४३,२०,००० चे अवयव पाडावयास बसलो. काम सोपे आहे. ते कोणीही वाचक करून पाहू शकेल. दोन आठ वेळा, तीन तीन वेळा, पाच चार वेळा; एवढ्या मूळ अवयवांचा गुणाकार केला की ही संख्या तयार होते, आणि चौथा कोणताही मूळ अवयव तीत नाही. तिला निःशेष भागणाऱ्या संख्या मोजल्या तर त्या १८० भरतात. एकापासून दहापर्यंतच्या आकड्यांपैकी एकटा सात तिला भागत नाही. या साताने पुढे आम्हांला पुष्कळ काम दिले. त्याची आठवण वाचकांनी ठेवावी.

मग एकेक युग पाहिले. साठाचा घन, म्हणजे ६० × ६० × ६०, हा २,१६,००० होतो. एका अहोरात्रात साठ घटका, घटकेत साठ पळे, पळात साठ विपळे. तेव्हा एका अहोरात्राची विपळे बरोबर इतकीच. कलियुग त्याच्या दुप्पट आहे, द्वापर चौपट, त्रेता सहापट, कृत आठपट. कृतयुग तर १२० चा पूर्ण घन आहे. आणि त्रेतायुगाची १२,९६,००० ही संख्या म्हणजे वर्तुळाच्या ३६० अंशांच्या विकला. थोडक्यात, ज्याला आकाशाचे वर्तुळ आणि दिवसाचे तास एकाच साठाच्या मापाने कापावयाचे आहेत, त्याच्या हातातली ही माप-पट्टी होती. याच साठाच्या पद्धतीचा बाबिलोनमध्येही मोठा प्रघात होता, आणि तेथील बेरोसस नावाच्या पुरोहिताने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ग्रीक भाषेत लिहिताना जलप्रलयापूर्वीच्या राजांना मिळून ४,३२,००० वर्षेच दिली आहेत. कोणी कोणापासून घेतले या वादात मी येथे शिरत नाही. तो वाद लढविणारे दोन्ही बाजूंचे वकील मी ऐकले आहेत, आणि दोघांचाही आवाज पुराव्यापेक्षा मोठा असतो.

मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात चार युगांची मिळून बारा हजार वर्षे सांगितली आहेत. ती दिव्य वर्षे धरून प्रत्येकाची ३६० मानुष वर्षे केली की ४३,२०,००० होतात. म्हणजे मूळ मान बाराचे, आणि त्याला गुणक वर्तुळाचा.

कल्पात चौदा मनू. हजार महायुगे चौदांत वाटावयाची, आणि हजाराला चौदाने भाग जात नाही, कारण तो सात आडवा येतो. वाटणीचे दावे मी बरेच चालविले आहेत. अशा वेळी दोन मार्ग असतात. एक तर मिळकतच थोडी वाढवून सर्वांना सारखे द्यावे, किंवा मिळकत तशीच ठेवून उरलेला तुकडा सामाईक ठेवावा. आमच्या ज्योतिषांनी दोन्ही मार्ग अवलंबिले आहेत. आर्यभटाने प्रत्येक मनूला ७२ युगे दिली; त्यामुळे त्याचा कल्प १,००८ युगांचा झाला. सूर्यसिद्धांताने हजार कायम ठेवले आणि प्रत्येक मनूला ७१ दिली. चौदा एकाहत्तर ९९४. उरली सहा युगे. ती वाटेवरच्या कुंपणासारखी मनूंच्या मध्ये टाकली: आरंभी एक आणि प्रत्येक मनूच्या शेवटी एक, असे पंधरा संधी, प्रत्येक कृतयुगाएवढा. कृतयुग म्हणजे महायुगाचे चार दशांश. पंधरा चोक साठ दशांश. साठ दशांश म्हणजे सहा. गुंजभरही शिल्लक राहत नाही. इतक्या वर्षांत हे पंधरा संधी मी संकल्पाच्या पाठीमागे कधी पाहिले नव्हते.

परंतु माझा मुख्य आक्षेप शून्यांविषयी होता, आणि तो एवढ्याने पडत नव्हता. संख्येची बांधणी सुबक असली म्हणून ती मोजलेली ठरत नाही. तो पडला तो दुसऱ्या एका संख्येने, जिच्या शेवटी एकही शून्य नाही.

कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय ज्योतिषशास्त्रावरील ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. आमच्या घरी त्याची एक जुनी प्रत आहे. वडिलांनी ती कातड्यात बांधून घेतली होती, आणि मी ती शोभेची वस्तू समजत असे. त्यातून आणि सूर्यसिद्धांताच्या मध्यमाधिकारातून मी पुढील आकडे उतरून घेतले. एका महायुगात सूर्याच्या फेऱ्या ४३,२०,०००, हे उघडच आहे. चंद्राच्या ५,७७,५३,३३६. मंगळाच्या २२,९६,८३२. गुरूच्या ३,६४,२२०. शनीच्या १,४६,५६८. आणि एका महायुगातील सावन दिवस, म्हणजे सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतचे दिवस, १,५७,७९,१७,८२८.

या शेवटच्या ८२८ पाशी मी बराच वेळ थांबलो. न्यायालयात साक्षीदार "सुमारे शंभर पावले" म्हणाला तर ती समजूत असते; "एकशे सतरा पावले" म्हणाला तर तो बहुधा चाललेला असतो. आवडलेली संख्या कोणी ८२८ वर संपवीत नाही. दिवसांना वर्षांनी भागले म्हणजे वर्ष निघते ३६५ दिवस, १५ घटका, ३१ पळे, ३१ विपळांहून किंचित अधिक. आजच्या वेधांनी ठरलेल्या नाक्षत्र वर्षाहून हे साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. आणि दिवसांना चंद्राच्या फेऱ्यांनी भागले की नाक्षत्र मास निघतो तो २७.३२१६७ दिवसांचा, आजच्या मानात आणि यात सुमारे एका सेकंदाचा फरक आहे. दुर्बीण नाही, घड्याळ म्हणजे पाण्यात बुडणारे घटिकापात्र, आणि चूक महिन्याला एक सेकंद!

तेव्हा मला ४३,२०,००० चे खरे स्वरूप दिसले. ही कोणी मोजलेली वस्तू नाही, हे माझे म्हणणे खरे. पण ही कोणाला आवडलेली शून्येही नव्हेत. हा छेद आहे. ज्या काळी दशांश चिन्ह नव्हते, त्या काळी चंद्राची, गुरूची, शनीची गती अपूर्णांकात लिहिण्याऐवजी सर्वांना एकच मोठा सामायिक छेद दिला आणि वर पूर्ण अंश लिहिले. छेद सोयीचा, अंश वेधाचा. ज्याला पुष्कळ भाजक आहेत असा छेद निवडावा, हे आम्हांला मामांनीच तिसऱ्या इयत्तेत शिकविले होते.

यातही एक गोष्ट डोळ्यांत भरते. वर दिलेल्या ग्रहांच्या सर्व फेऱ्या आणि दिवसदेखील चारांनी निःशेष भागले जातात. बुधशुक्रांच्या शीघ्रांचे आकडेही तसेच. म्हणजे सर्व ग्रह पुन्हा मेषारंभी येण्यास पुरे महायुग लागत नाही. त्याचा चौथा हिस्सा, १०,८०,००० वर्षे, पुरतो. आर्यभटाने तर महायुगाचे असे चार सारखे पाद केले, आणि स्मृतीतील युगांची चार-तीन-दोन-एक ही वाटणी सोडल्याबद्दल ब्रह्मगुप्ताचे बोल खाल्ले. सूर्यसिद्धांताने स्मृतीची वाटणी ठेवली. परंतु त्याच्या आकड्यांच्या पोटात हाच दहा लक्ष ऐंशी हजारांचा पाद लपून बसलेला आहे.

आता मंडपात मी उच्चारलेल्या १९७ कोटींकडे वळलो. सहा मनू गेले, सात संधी गेले, सातव्या मनूची सत्तावीस युगे गेली, अठ्ठाविसाव्यातील कृत, त्रेता, द्वापर गेली: बेरीज १,९७,२९,४४,००० वर्षे. पण सूर्यसिद्धांत येथे एक विलक्षण गोष्ट सांगतो. ग्रह, नक्षत्रे, देव, दैत्य आणि चराचर निर्माण करण्यास ब्रह्मदेवाला ४७,४०० दिव्य वर्षे लागली. तेव्हा ग्रहांची गणना करताना ती वजा घालावी. एवढी मानुष वर्षे १,७०,६४,००० होतात. वजाबाकी केल्यावर उरतात १,९५,५८,८०,०००.

४७,४०० का? पन्नास हजार का नाहीत? मी सहज म्हणून वजाबाकीपूर्वीच्या संख्येला १०,८०,००० नी भागून पाहिले. भागाकार १,८२६, आणि बाकी उरली. मग वजाबाकीनंतरच्या संख्येला भागले. भागाकार आला १,८११. बाकी शून्य.

रात्रीचा एक वाजला होता. मी बायकोला उठविले आणि हे सांगितले. तिने शांतपणे विचारले की, कोणाचा दावा जिंकला काय? मला वाटले, जिंकला. सृष्टी घडविण्याचा काळ हा हिशेबाचा मेळ घालण्यासाठी लिहिलेली रक्कम आहे, हे माझ्या हाती लागले होते. कलीच्या आरंभी सर्व ग्रह मेषारंभी एकत्र आहेत असे मानावयाचे, तर गेलेली वर्षे १०,८०,००० च्या पटीत पाहिजेत. ती तशी नव्हती. म्हणून ४७,४०० दिव्य वर्षे मध्ये घातली. जमाखर्च लिहिणारा प्रत्येक कारकून ही युक्ती ओळखील.

रविवारी कागद घेऊन मामांकडे गेलो. जाताना मनात थोडी भीतीही होती. मी क्षमा मागावयास चाललो होतो, आणि हातात जे होते ते त्यांना पहिल्या आक्षेपाहून अधिक लागण्यासारखे होते. पृथ्वीच्या वयाचे काय, ते शास्त्रज्ञांचे प्रकरण. पण सृष्टीच्या निर्मितीचा काळ मेळासाठी घातलेला निघावा, हे प्रवचनकाराला कसे सांगावे?

त्यांनी चष्मा लावून सारे कागद वाचले. अवयव, संधी, ८२८, सामायिक छेद. १,८११ पाशी त्यांनी बोट ठेवले आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मी मान खाली घालून बसलो होतो. शेवटी ते म्हणाले, "मेळ घातला आहे, हे खरे. पण तुझा पुरावा अपुरा आहे."

मी चमकून पाहिले.

"१०,८०,००० मानुष वर्षे म्हणजे ३,००० दिव्य वर्षे. तुला बाकी घालवायची, तर २,४०० दिव्य वर्षे वजा करून भागत होते. मग भागाकार १,८२६. त्याने ४७,४०० का घेतली? बावीसशे-चोवीसशेत काम होत असताना कोणी पंचेचाळीस हजार जादा भरतो काय?"

उलटतपासणी अशी करावयाची असते. माझ्याजवळ उत्तर नव्हते. मामा उठले, जुने पंचांग काढले, पुन्हा बसले आणि म्हणाले, "वार पाहा. कलियुगाचा आरंभ शुक्रवारचा. इसवी सनापूर्वी ३१०२, फेब्रुवारीच्या १७ आणि १८ यांमधली मध्यरात्र. आणि सृष्टीचा पहिला वार रविवार. सूर्यसिद्धांत वारांची गणना सूर्यापासून करतो. मधले दिवस मोज."

मधले दिवस म्हणजे १०,८०,००० वर्षांतील ३९,४४,७९,४५७ दिवसांना १,८११ नी गुणावयाचे. यंत्र खिशात होते. पण मामांच्या समोर ते काढण्याची माझी छाती झाली नाही. मी कागदावर गुणाकार मांडला. उत्तर आले ७,१४,४०,२२,९५,६२७. साताने भागले, बाकी सहा. रविवारपासून सहा वार पुढे गेले म्हणजे शनिवार. मी म्हणालो, "मामा, जमत नाही. शनिवार येतो." खरे सांगतो, तो शनिवार पाहून मला दुःख झाले. चार दिवसांपूर्वी ज्या संख्येची मी थट्टा केली होती, तिचा हिशेब चुकू नये असे मला वाटू लागले होते.

"ताळा पाहिलास?" मामा म्हणाले.

नवाचा ताळा! शाळा सुटल्यापासून मी तो पाहिलेला नव्हता. गुण्यातील अंकांची बेरीज ५२, म्हणजे सात. गुणकाची ११, म्हणजे दोन. सात दुणे चौदा, म्हणजे पाच. गुणाकाराच्या अंकांची बेरीज मात्र ४९, म्हणजे चार. ताळा जुळत नव्हता. मामांनी पेन्सिलीच्या टोकाने माझी एकेक ओळ तपासली. अकराने गुणताना हजारांच्या घरात हातचा एक मी विसरलो होतो. उत्तर ७,१४,४०,२२,९६,६२७. साताने भागून बाकी पाच. रविवारपासून पाचवा वार शुक्रवार.

"आणि एवढा मोठा गुणाकार करण्याचे कारणच नव्हते," ते पुढे म्हणाले, कारण शिक्षकाला एवढ्यावर थांबवत नाही. "३९,४४,७९,४५७ ला साताने भाग, बाकी एक. म्हणजे प्रत्येक १०,८०,००० वर्षांनी वार एक पुढे सरतो. १,८११ ला साताने भागून बाकी पाच, शुक्रवार. तुझ्या १,८२६ ला बाकी सहा, शनिवार. म्हणून २,४०० चालत नाहीत."

सात या संख्येचा अवयव नाही, हे सुरुवातीला लिहिले ते यासाठी. दिवसांची संख्याही साताने भागली जाती, तर वार मुळीच सरकला नसता आणि ही परीक्षा घेताच आली नसती.

पण वाराच्या अटीवरही १,८११ एकटा उरत नव्हता. १,८२५ ला साताने भागून बाकी पाचच. त्यासाठी ५,४०० दिव्य वर्षे पुरली असती. १,८१८ लाही पाच, त्याला २६,४००. मामांनी तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि माझ्याकडे पाहिले. आता पाळी माझी होती. मी माझ्या कागदांतून ज्या दोन संख्या बाजूला ठेवल्या होत्या त्या काढल्या, कारण त्या चारांनी भागल्या जात नसल्यामुळे माझ्या सुबक यादीत बसत नव्हत्या: चंद्राच्या उच्चाच्या फेऱ्या ४,८८,२०३ आणि पाताच्या, म्हणजे राहूच्या, २,३२,२३८. उच्चाच्या संख्येला चारांनी भागले की पाऊण फेरी उरते. पाताच्या संख्येला भागले की अर्धी. सूर्यसिद्धांत सांगतो की, अठ्ठाविसाव्या युगातील कृताच्या अखेरीस सर्व ग्रह मेषारंभी, चंद्राचे उच्च मकरारंभी आणि पात तुलारंभी होता. तेथून त्रेता आणि द्वापर, म्हणजे बरोबर दोन पाद, पुढे यावे. कलीच्या आरंभी उच्च कर्केच्या आरंभी येते आणि पात तुळेतच राहतो. उच्च कर्केच्या आरंभी येण्यास पादांच्या संख्येला चारांनी भागून बाकी तीन राहिली पाहिजे. १,८२५ ला बाकी एक. उच्च मकरेत जाते. १,८१८ ला बाकी दोन. उच्च तुळेत, आणि पात मेषेत. १,८११ ला बाकी तीन. उच्च कर्केच्या आरंभी, पात तुळेच्या आरंभी, वार शुक्रवार, सर्व ग्रह मेषारंभी. या सर्व अटी पुऱ्या करणारी सर्वांत लहान वजाबाकी शोधली तर ती ४७,४०० दिव्य वर्षांचीच निघते. तिच्या आत दुसरी एकही बसत नाही.

मामांनी १,८११ चे अवयव पाडण्याचा प्रयत्न केला. ती मूळ संख्या आहे, फुटत नाही. मग चष्मा काढून ते म्हणाले, "देवाला सृष्टी करावयास किती काळ लागला हे या माणसाने देवाला विचारलेले नाही. त्याने आकाशाकडे पाहून मागे हिशेब केला आणि जेवढे कमीत कमी लागत होते तेवढेच लिहिले. एक दिव्य वर्ष जास्त घेतले नाही."

मी म्हणालो की, कलीच्या आरंभी ग्रह खरोखर एका बिंदूत नव्हते, हे आजच्या गणिताने दाखविता येते. ती युती मागे मोजून मानलेली आहे. त्यांनी मान हलविली. पंचांग करणाऱ्यांना हे ओझे पूर्वीच जड झाले होते, असे ते म्हणाले; कोकणात नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली ग्रहलाघव रचला तो अकरा-अकरा वर्षांची चक्रे घेऊन, कल्पाचे कोटी गुणण्याचे श्रम वाचविण्यासाठीच, आणि महाराष्ट्रातील पंचांगे पुढे पिढ्यान् पिढ्या त्यावरून झाली. संकल्पात कल्प राहिला. गणितातून तो तेव्हाच सुटला.

मग आमच्यात तडजोड झाली. वकील म्हणून मी पुष्कळ तडजोडी लिहिल्या. ही तोंडीच होती. पुढच्या श्रावणात पहिल्या सोमवारी मामा पृथ्वीच्या वयाचे आपले वाक्य मागे घेणार. त्यानंतर मी उभा राहून शून्यांविषयीचे माझे वाक्य मागे घेणार, आणि त्याच मंडळींसमोर १,८११ चा हिशेब फळ्यावर मांडून दाखविणार. हातचा कोठे विसरावयाचा नाही ते त्यांनी माझ्या कागदावर लाल पेन्सिलीने खूण करून दिले आहे. मामी चहा घेऊन आल्या, आणि या खेपेस त्यांनी तो घेतला.